मालतीबाईंनी ठेवलेली कोळिष्टकं

सुरतजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये मालतीबाई अकरा वर्षं झाडू मारतात. शिरपूरहून नवऱ्याबरोबर आल्या, तो वारल्यावर त्याच मिलमध्ये लागल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी एकच काम चुकवलं, तेही जाणूनबुजून. ऑफिसच्या मागच्या खिडकीवरची कोळिष्टकं काढली नाहीत.

त्या खिडकीसमोरच्या आंब्यावर नाचऱ्याची जोडी घरटं बांधत होती. मुठीएवढा पक्षी, शेपटीचा पंखा उघडत-मिटत नाचणारा, उडते डास मटकावणारा. गवताच्या काड्या तो कोळ्याच्या जाळ्याने चिकटवतो, हे बाईंनी झाडू हातात तसाच धरून, तोंड उघडं टाकून पाहिलं होतं. घरट्याची वाटी अर्धी झाली होती.

"मावशी, ती खिडकी!" सुपरवायझर योगराज रोज ओरडायचा. "शुक्रवारी दिल्लीची पार्टी येणारे माल बघायला."

"उद्या काढते."

"कालही उद्याच म्हणालात!"

"मग? आला का उद्या?"

बुधवारी बाईंनी तोडगा काढला. मिलच्या आतली सगळी जाळी झाडूला गुंडाळून आणली आणि आंब्याच्या फांदीला लटकवली. नाचरा आला. चोच लावली, थुंकल्यासारखी झटकली. आतल्या जाळ्यांत कापडाचा भुसा आणि रंगाची पूड, चिकटपणा कुठून राहणार?

"अरे, घे ना! घरपोच देतेय!" बाई खेकसल्या. तो तडक खिडकीकडे गेला.

शुक्रवारी सकाळी योगराज शेजारी येऊन उभाच राहिला. "आत्ता. माझ्यासमोर. माझी नोकरी जाईल, मावशी."

"आणि त्याचं घर?"

"त्याला काय शेठ शिव्या देणारे?"

बाईंनी झाडू फिरवला, असा की काच तडकायची राहिली. पार्टी अकराला आली. पुढच्या दाराने आत शिरली, एसीत बसली, चहा पिऊन गेली. मागे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

"योगराजभाऊ!" बाई एवढंच म्हणाल्या. तो मोबाईलमध्ये बघत राहिला.

शनिवारी नाचऱ्याने स्वतःचंच घरटं उसवायला घेतलं. एकेक तंतू चोचीत धरून भिंतीपलीकडच्या मिलमधल्या लिंबावर, नव्या घरट्यासाठी नेऊ लागला.

"ली जाय, समदं ली जाय!" बाई खालून अहिराणीत ओरडत होत्या. "मी काय तुनी वैरीण शे?"

पाळी सुटल्यावर त्या तरातरा शेजारच्या गेटवर गेल्या. आत वॉचमन तंबाखू मळत होता.

"भैया, तुम्हारे यहाँ जाळी कौन निकालता है?"

"अभी तो कोई नहीं."

"हां! तो पंधरा दिन किसी को रखना मत."

"क्यों? सोमवार से नई बाई आ रही है."

मालतीबाईंनी कपाळावर हात मारला. मग पदर खोचला.

"कहाँ रहती है वो?"

"उधर, सचिन गाँव में."

"सचिन में कौनसी गली?"