नेमसिंग नाईकाचा दगड

जमनीचा दिवस पहाटे चारला सुरू होई. भाकरी थापून पाचला ती हातोडी घेऊन जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, पाडलेल्या भिंतीपाशी विटा साफ करायला बसे, कारण दहानंतर तापलेली वीट हातात धरवत नसे. विटेला चिकटलेला जुना चुना विटेपेक्षा कडक. घाव तिरपा आणि हलका पडला पाहिजे. सरळ मारला की वीट दुभंगते. तुटलेली वीट मोजणीत धरली जात नव्हती.

नेरजवळची ही जिनिंग बांधायला दगड-चुना तिच्याच तांड्याने बैलांवर लादून आणला होता. मालकाने फाटकापाशी वस्तीला जागा दिली, आणि जोत्याच्या दगडावर कोरून घेतलं : 'नेमसिंग नाईकाचा तांडा, १९०८'. कागद कधी झालाच नाही. शंभर वर्षांनी कापसाचे भाव कोसळले, जिनिंग बंद पडून विकली गेली. नव्या मालकाची नोटीस आली : वस्ती जुनी असल्याचा पुरावा महिनाभरात दाखवा, नाहीतर उठा.

पुरावा म्हणजे तो दगड.

"तो मले द्या," जमनी पाडकामाच्या ठेकेदाराला, पुंडलिकरावांना म्हणाली.

"काहून? चटणी वाटतं का त्याच्यावर? वीस दिवस विटा साफ कर, फुकट. मंग ने."

ती कामाला लागली. पण मोकळा दगड मधेच कोणी उचलला तर?

"शेंदूर फास," नवरा लखीराम म्हणाला. "देवाले कोनी हात लावत नाही."

जमनीने तेलात शेंदूर कालवून अक्षरांसकट दगड जाड माखला. खरंच कोणी हात लावला नाही. मजूर पाया पडू लागले. दहाव्या दिवशी शेजारच्या गावातून कोणी येऊन नारळ फोडला.

विसाव्या दिवशी शेवटची वीट रचून ती उठली, तर त्या शेजारच्या गावचे लोक डफडं वाजवत दगड बैलगाडीत घालत होते. जमनी बैलांपुढे आडवी झाली.

"हा देव नाही! खरडून पाहा, आमचं नाव हाय!"

"आली मोठी! देवाले खरडते म्हने!" गावची हंसाबाई ओरडली. चौघींनी जमनीला दंडाला धरून बाजूला फेकलं.

पुंडलिकराव त्याच गावचे. ते गुलाल लावून उभे होते.

"माहे वीस दिवस?" जमनीने विचारलं.

"वाया नाही गेले ना. मंदिराले तुह्या नावानं वर्गणी देल्ली."

त्या मजुरीचं सिमेंट आलं. अक्षरांवर बोटभर थर चढवून मिस्त्रीने देवाला डोळे काढले.