ओयेलारनचा ‘तुम्ही’

ओयेलारनने आयुष्यात एकच काम वेळेवर केलं होतं. तो जन्मला. थोरल्या भावाची बायको असाबी नवरी होऊन उंबरठ्याशी आली, त्याच्या जरा आधी तो बाळंतिणीच्या खोलीत रडला, असं त्याची आई मरेपर्यंत सांगत होती. घरात जो आधी आला तो मोठा. मग जन्मून येवो की लग्न होऊन. म्हणून ज्याचं नाक पुसलं, ज्याची दुपटी धुतली, त्या पोराला असाबी गुडघे टेकून ‘तुम्ही’ म्हणत आली. नाव घ्यायची सोय नाही, तर ‘देखणेराव’.

देखणेराव त्या एका शब्दावर पोसले गेले. विणकरांच्या इसेयिन गावात ज्याला काही जमत नाही तो निदान मागावर बसतो. हा बसला, आणि तिथेच झोपला. शिंप्याने घालवला, गॅरेजवाल्याने घालवला. तिशी ओलांडली तेव्हा पोट तेवढं पुढे गेलं होतं. अमाल्याच्या, म्हणजे कंदाच्या पिठाच्या उकडीच्या, ताटात मटणाचा मोठा तुकडा त्याचा. ‘तुम्ही’ यायला क्षणभर उशीर झाला तर बाबा खाकरायचे.

असाबीचा नवरा वारला आणि याला आणखी पंख फुटले.

“ए नवरीबाई,” एका सकाळी तो दात कोरत म्हणाला. केस पिकले तरी सासरी ती नवरीच. “पुढची खोली रिकामी कर. मोबाइल चार्जिंगचं दुकान टाकायचंय मला.”

त्या खोलीत तिची खानावळ होती. तिच्यावर तिची मुलं शिकत होती. हाही तिच्यावरच जेवत होता, पण एवढा विचार करायला डोकं लागतं.

“देखणेराव, तुम्ही म्हणाल तसं. पण चूल कुठे नेऊ?”

“मागे. कोंबड्यांपाशी.”

“तिथवर गिऱ्हाईक येईल?”

“वासाने येतं गं! आणि मोठ्यांना उलटून विचारायचं नसतं.”

असाबी चुलीकडे वळली. घाबरून नव्हे, तोंड उघडलं असतं तर ‘तू’ बाहेर पडला असता, आणि मग सगळा वाडा तिच्यावर धावून आला असता.

दुपारी देखणेरावांनी चक्क स्वतःच्या हाताने सामान उचललं. पहिल्यांदा धरला तो बाक. बाकावर अबेजे बसली होती, वाड्यातली सगळ्यांत जुनी सून. रोज पहिली पळी फुकट ओरपणारी.

“ऊठ, म्हातारे.”

सगळे थबकले. अबेजे तर याच्याही आधी घरात आलेली.

“‘ऊठ’?” ती म्हणाली. “मला ‘ऊठ’? बस खाली. असाबीचे पाय दारात कुणी धुतले रे? मी! आणि ते मडकं तिथेच टाकून धावले, कारण आत तुझं डोकं नुसतं दिसायला लागलं होतं.”

“खोटं! आई म्हणायची—”

“तुझी आई कळा देत होती. तिला दार दिसत होतं?”

असाबीच्या हातातली पळी तशीच राहिली. “थोरल्या आई, मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?”

“माझा बाक कुठे कुणी उचलत होतं?” अबेजे म्हणाली आणि वाडगा पुढे केला.

म्हणजे तेवढं एक कामही त्याने वेळेवर केलेलं नव्हतं.

आता हा चिडेल, निदान लाजून घराबाहेर तरी जाईल, असं वाटून सगळे बघत राहिले. ओयेलारनने थोडा विचार केला. मग तो असाबीसमोर पालथा पडला, छाती जमिनीला लावून, मोठ्यांपुढे लहानाने पडावं तसा, अगदी रीतसर.

“आई,” तो खालूनच म्हणाला, “तुम्ही मोठ्या. मी लहान. लहानांना आधी वाढतात ना? मटण आहे का?”

आता मोठी असाबी. तिची खोली वाचली होती, चूल पेटलेली होती.

“आहे,” ती म्हणाली. “तू आधी पाणी भरून आण.”

तो ‘तू’ तिने जिभेवर जरा घोळवला. गिऱ्हाइकं आली, जेवली, त्याला ओलांडून गेली. संध्याकाळपर्यंत ओयेलारन तिथेच पालथा होता. उठलं तर बादली उचलावी लागली असती.