अकोल्याला गेलेल्या घामोळ्या

माझी नात नागपूरला आजारांचा अभ्यास करते. परवा ती सांगत होती की लाखो वर्षांपूर्वी काही विषाणू माणसाच्या पूर्वजांच्या अंगात शिरले आणि तिथेच राहिले. आईबापांकडून नाकडोळे येतात तसे त्या विषाणूंचे तुकडेही पोरांकडे येतात. बहुतेक झोपलेले असतात. नवा रोग आला की काही जागे होतात. कोणाला मदत करतात, कोणाच्या अंगात उगाच गोंधळ माजवतात. एकाच घरात एकाला आजार हलका जातो आणि दुसरा आडवा होतो, त्याचं थोडं कारण हेही असू शकतं, पक्कं अजून कोणाला माहीत नाही म्हणे. मी चौथी शिकलेली. पण मला हे लगेच पटलं, कारण मला अकोल्याचे एक गृहस्थ आठवले.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही अमरावतीला राहायचो. मी एकोणीस वर्षांची, रंगाने काळी, दोन ठिकाणांहून नकार आलेली. तिसरं स्थळ अकोल्याचं. ते मला बघायला यायचा दिवस ठरला आणि चार दिवस आधी माझ्या सात वर्षांच्या बहिणीला कांजिण्या झाल्या. अशा वेळी दाराला कडुनिंबाची डहाळी बांधतात, ती बघून लोक बाहेरूनच परत जातात. घरात फोडणी देत नाहीत, देवी कोपते म्हणून. पाहुण्यांना येऊ नका असं कळवावं, तर हेही स्थळ जाणार.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी वडिलांनी दाराची डहाळी काढून गोठ्यात टाकली. आईने ते न पाहिल्यासारखं केलं, पण फोडणीला ती काही केल्या तयार होईना. पाहुण्यांना फसवता येईल, देवीला कसं फसवू, असं तिचं म्हणणं. आता फोडणीशिवाय पोहे कसे करायचे? शेवटी कच्चा चिवडा केला. मुरमुऱ्यांना कच्चं तेल, तिखट, मीठ, वर कांदा. मुलगी बघायला आलेल्यांना असलं कोणी देत नाही. बहिणीला मागच्या अंगणात बसवून बजावलं की पुढे दिसलीस तर याद राख.

मुलगा आणि त्याचे वडील असे दोघेच आले. मुलगा काडीसारखा, मान खाली घालून खाणारा. मला तो आवडला, पण तसं बोलायची तेव्हा सोय नव्हती. वडील मात्र पैलवानी देहाचे, काळ्या जमिनीत कापूस पिकवणारे. मुलगी बघायचं सोडून स्वतःच्या घराण्याचंच सांगत बसले. गावात साथ येते, आमच्या उंबरठ्यापर्यंत येते आणि मागे फिरते. मुलगा तेवढा आईवर गेला, त्याला इलाज नाही.

"आमचं रक्तच तसं हाये," ते म्हणाले. "ताप आमाले पाहून पयते."

चिवड्याची चौथी ताटली हातात घेऊनच ते अंगण बघायला मागे गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. बघते तर बहीण त्यांच्या मांडीवर बसलेली आणि दोघं एकाच ताटलीतून खात होते.

"पोरीच्या आंगावर हे काय झालं व?"

"घामोळ्या," मी म्हणाले.

उन्हाळ्याचे दिवस होते, त्यांना पटलं. जाताना सांगून गेले की मुलगी पसंत आहे आणि चिवडाही.

दोन-अडीच आठवड्यांनी मुलाचं कार्ड आलं. त्याला कांजिण्यांचे चार फोड आले आणि गेलेही. वडिलांना मात्र डोक्यापासून तळपायापर्यंत, तोंडातसुद्धा. ताप उतरत नव्हता. लग्नाचं पुढे पाहू, असं शेवटी लिहिलं होतं. आधीच्या दोघांनीही हेच लिहिलं होतं. तिथले डॉक्टर म्हणाले होते की मोठ्या वयात कांजिण्या जड जातात, पण मुलगाही काही तान्हा नव्हता. ज्या रक्ताची ते एवढी बढाई मारत, त्यातच लाखो वर्षांचे पाहुणे मुक्काम ठोकून बसले असतील, हे तेव्हा कोणाला ठाऊक?

आई म्हणाली, पाप लागलं. वडील म्हणाले, गप्प बसा. मला काळजी होती ती आधी लग्नाची, मग अकोल्याच्या त्या गृहस्थांच्या जिवाची. उलटं सांगितलं तर खोटं होईल.

महिन्याभराने ते न कळवता एकटेच आले. देह अर्धा झालेला, चेहऱ्यावर डागच डाग. वडील उठून उभे राहिले, आई आत पळाली. त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन गेले, तर हळूच म्हणाले,

"पोरी, माह्या घामोळ्या पाय."

मी पाहिल्या. मग खरं ते सांगून टाकलं. डहाळी आमच्याकडून काढली गेली, पण तोंडावर खोटं मी बोलले, म्हणून राग माझ्यावर धरा.

"कावून बोलली?"

"तुमी परत गेले असते."

"गेलो असतो," ते म्हणाले आणि सगळं पाणी पिऊन झाल्यावर पुढचं बोलले. बायकोने महिनाभर घरात फोडणी दिली नव्हती. तेव्हा आमचा बिनफोडणीचा चिवडा त्यांना आठवला आणि घामोळ्या कसल्या होत्या ते ध्यानात आलं. पण डहाळी त्यांनीही दाराला बांधू दिली नव्हती. एवढी वर्षं रक्ताचं सांगितलेलं, आता गावाला काय तोंड दाखवणार?

"मी बी घामोळ्याच सांगितल्या सगळ्याइले," ते म्हणाले. "घराबाहेर खरं फक्त तुले मालूम. तुले बाहेर कसं ठेवू?"

लग्नाची तारीख ठरवूनच गेले.

मांडवात ते माझ्या मामांना तेच ऐकवत होते, साथ उंबरठ्यावरून मागे फिरते म्हणून. मी हार घालून समोरच उभी होते. माझी नजर त्यांच्या नाकावर राहिलेल्या फोडाच्या खड्ड्याकडे गेली. सासऱ्यांनी टोपी खाली ओढली. टोपी काही नाकापर्यंत येत नव्हती.