गोलपुढचं टक्कल

गवतकाकांनी बत्तीस वर्षांत एकही सामना धड बघितला नाही. खोटं नाही सांगत. मैदान राखणारा माणूस, खेळ अगदी नाकासमोर चाललेला, पण बाकीचे चेंडूकडे बघणार आणि हे महाराज बुटांकडे. कोणी घसरून पडला की लोक ‘अरेरे’ म्हणत आणि काका म्हणत, “गेलं गवत.” त्यावरूनच क्लबात कोणीतरी त्यांना गवतकाका म्हणायला लागलं, आणि मग खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं.

त्यांचा सामना सुरू व्हायचा तो लोक घरी गेल्यावर. एका हातात चार दातांचा काटा, दुसऱ्या हातात मातीची बादली. उखडलेलं प्रत्येक ढेकूळ जागेवर बसवायचं, काट्याने खालची माती सैल करायची, टाचेने दाबायचं. असं चालता चालता काकांना खेळ कसा झाला ते कळायचं. एरवी मैदानाचा मधला भाग जास्त खराब व्हायचा. त्या वर्षी मात्र मधलं गवत ताठ उभं आणि दोन्ही गोलांसमोर नुसती उखडलेली माती. अर्ध्या वेळानंतर बाजू बदलतात ना, तर ज्या बाजूला आपला गोल त्याच बाजूला सगळे पंचेचाळीस मिनिटं अडकलेले! पहिले सहा सामने ओळीने हरले. सातवा बरोबरीत सुटला तर लोक असे नाचले, जणू चषकच घरी आणला.

अव्वल विभागात अठरा क्लब, आणि शेवटचे तीन खालच्या विभागात ढकलले जातात. हा क्लब एकेचाळीस वर्षं वरच होता. हिवाळा आला तोवर सोळावा नंबर लागला आणि तिथेच ठाण मांडून बसला. कोच बदलला. नवा कोच आला तो फार बोलायचा नाही, पण सगळीकडे हात लावून बघायचा. चेंडूला, जाळीला, गवताला.

त्याच सुमारास सेक्रेटरींनी काकांना ऑफिसात बोलावलं. बसा म्हणाले नाहीत, म्हणजे गोष्ट वाईट होती.

“काका, खाली गेलो तर हे मैदान असं ठेवणं झेपणार नाही. प्लॅस्टिकचं गवत टाकायचं ठरलंय. त्यावर दिवसभर कोणीही खेळू शकतं, भाड्याने देता येतं.”

“आणि हे?”

“हे खरवडून काढणार. सामने संपले की दोन आठवड्यांत यंत्रं येतील.” सेक्रेटरींनी खिडकीबाहेर बघितलं. “प्लॅस्टिकला माणूस लागत नाही. तुमच्या खोल्यांचंही मग बघावं लागेल.”

खोल्या म्हणजे उत्तरेकडच्या स्टँडखालच्या दोन. वर पायऱ्या असल्यामुळे छत तिरकं, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तर काकूंनाही वाकूनच उभं राहावं लागे. संसार सगळा तिथेच झाला. गोलाच्या जाळ्या फाटल्या की काकू त्या दारात पसरून विणत बसत, आणि किती गोल झाले ते विचारायला त्यांना बाहेर जावं लागत नसे. वरून पाय आपटल्याचा आवाज आला की आपला गोल, नुसती शांतता पसरली की त्यांचा. त्या वर्षी काकूंच्या छतातून धूळसुद्धा पडली नाही.

काकांनी घरी येऊन सांगितलं, तेव्हा काकूंनी हातातला डाव पातेल्यात ठेवला. मग म्हणाल्या, “माझ्या भावाकडे एक खोली रिकामी आहे.”

“आणि मी तिथे काय करू? फरशी कापू?” काका खेकसले. अन्न तसंच टाकून उठले. त्यांना राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटली होती.

पुढचे चार महिने जीव टांगणीला. एक सामना जिंकायचा, दोन हरायचे. या सगळ्यात क्लबाला कोणी तारलं असेल तर ते गोलकीपरने. अकरा वर्षं तोच गोलात. लोक त्याला भिंत म्हणायचे आणि काका त्याला नुसतं ‘बाळा’ म्हणायचे, आला तेव्हा मिशीही फुटली नव्हती म्हणून. सामन्याआधी तो गोलसमोरच्या उघड्या मातीवर डाव्या टाचेने एक रेघ ओढायचा. बरोबर मध्यावर. मागे न बघता खांब कुठे आहेत ते त्याला त्या रेघेवरून कळायचं. दरवर्षी सीझन संपत आला की त्या जागेवर गवत उरतच नसे, इतके पाय तिथे घासलेले. काकूंनी त्या जागेला नाव दिलं होतं टक्कल. काका ते टक्कल शेवटचा सामना होईपर्यंत तसंच ठेवत. नवीन गवत लावायचं ते सुट्टीत, सावकाश. त्यांचाच नियम होता तो.

आणि तोच त्यांनी मोडला.

शेवटचा सामना राहिला होता, रविवारी, घरच्याच मैदानावर. रखडत का होईना क्लब पंधराव्या नंबरावर चढला होता, आणि बरोबरी झाली तरी तो टिकणार होता. हरलो तर खाली. त्या सोमवारी काका उत्तरेकडच्या गोलसमोर उभे राहिले आणि त्यांना वाटलं, हा सामना कदाचित या मैदानाचा शेवटचा असेल. टीव्हीवर सगळे बघणार. आणि आपलं मैदान असं भुंडं दिसणार? खोल्यांच्या मागे त्यांनी एक पट्टा राखला होता, बी टाकून वाढवलेल्या गवताचा. तो त्यांनी चौकोनी लाद्यांमध्ये कापला, हातगाडीवर घातला आणि गोलसमोर एकेक लादी जोडून लावली. एकाच गोलापुरतं गवत होतं. दुपारपर्यंत टक्कल नाहीसं झालं.

काकू जाळी बांधायला आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “इतकी वर्षं टक्कल चाललं, आता शेवटच्या दिवशी टोप कशाला?”

“दिसतंय की नाही छान?”

“दिसतंय. कोचसाहेबांना विचारलंत?”

काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. लादीला खाली मूळ धरायला तीन आठवडे लागतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी मारलं, वरून रोलर फिरवला, तर ओल्या मातीला चिकटून एक सामना निघून जाईल, असा त्यांचा हिशेब.

बुधवारी कोच आला. “काका, आजपासून गवत कापायचं नाही. आणि पाणी बंद. थेंबभरही नको. समोरचे जमिनीलगत झटपट पास देतात. कोरड्या, वाढलेल्या गवतात त्यांचा चेंडू अडकला पाहिजे.”

आता इथे तोंड उघडायचं होतं. ‘साहेब, नव्या लाद्या लावल्यात, पाणी नसेल तर काढून टाकतो.’ एवढंच वाक्य. पण विचारल्याशिवाय लावल्या होत्या ना! काका मूग गिळून बसले. कोच रोज संध्याकाळी येऊन मैदानाच्या मध्यावर तळहात जमिनीला टेकवून ओल बघायचा. गुरुवारी काका बादली घेऊन कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत गेले, पण पॅव्हेलियनच्या दारात तो उभा दिसला, तशी बादली तिथेच झेंड्याच्या बुडाशी ओतून परत आले. शनिवारपर्यंत लाद्यांच्या कडा वर वळायला लागल्या होत्या. काकांनी त्या फटींत बारीक माती भरली आणि मनाला समजावलं, दिसत नाही म्हणजे झालं.

सामन्याचा पहिला अर्धा भाग अगदी कोचच्या मनासारखा गेला. पाहुण्यांचे पास गवतात अडखळत होते. शून्य-शून्य. उत्तरेकडच्या गोलात तेव्हा पाहुण्यांचा कीपर होता, आणि आपले लोक तिकडे फारसे फिरकलेच नाहीत. त्यामुळे लाद्यांवर कोणाचा जोराचा पाय पडला नाही. मधल्या सुट्टीत काका काटा घेऊन गेले. पहिल्याच लादीवर पाय ठेवला आणि ती बुटाखाली सरकली. बोटभर असेल. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

वेळ होता. दहा मिनिटं होती. लाद्या उचलून फेकल्या असत्या तर खाली जुनी घट्ट माती होतीच. पण वीस हजार लोकांसमोर? स्वतः लावलेलं गवत स्वतःच्या हाताने उपटायचं? काका टाचेने दाबत राहिले, या लादीवरून त्या लादीवर. तेवढ्यात भिंत आला, त्याने गोलसमोर टाच घासली. रेघ उमटली नाही. त्याने खाली बघितलं, मग काकांकडे बघून हसला. “काय काका, आज सजावट?”

“जपून रे, बाळा,” काका म्हणाले. जपून! कशापासून, कुठे, ते काही नाही. तेवढं म्हणून ते काटा उचलून बाजूला झाले.

त्र्याऐंशीवं मिनिट. पंचवीस पावलांवरून एक साधा फटका आला, असले शेकडो त्याने डोळे झाकून अडवले होते. चेंडू उजवीकडे चालला होता. भिंतने डाव्या पायावर जोर दिला आणि पायाखालची लादी अख्खीच्या अख्खी मागे निघून गेली. तो गुडघ्यावर आपटला. चेंडू त्याच्या बोटांपासून हातभर लांबून आत गेला, हळूच, जाळीपर्यंतसुद्धा जेमतेम पोचला.

स्टँडखाली काकू जाळीचा दोरा हातात धरून वर बघत होत्या. काहीच ऐकू आलं नाही.

शून्य-एक. क्लब खाली गेला.

तासाभराने मैदान रिकामं झालं तेव्हा भिंत उत्तरेच्या खांबाला टेकून बसलेला होता. ती लादी त्याच्या मांडीवर, उलटी. खालची बाजू कोरडी, सपाट, सुरीने कापल्यासारखी. पांढऱ्या मुळाचा एक धागाही खाली उतरला नव्हता. काका काटा घेऊन समोर उभे राहिले.

“कधी लावली?”

“सोमवारी.”

“आणि पाणी?”

काकांनी मान आडवी हलवली.

“काका, अकरा वर्षं त्या मातीवर उभा होतो मी.” तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. “तिचा खड्डान्‌खड्डा मला पाठ होता. हिरवळ मागितली होती कोणी?”

“चुकलं रे,” काका म्हणाले आणि त्यांना हुंदका आला. “माझंच चुकलं. मी सांगतो सगळ्यांना. आत्ता सांगतो.”

“सांगा.”

त्याने ‘जाऊ द्या’ म्हटलं नाही. का म्हणावं? बाहेर खेळाडूंच्या फाटकापाशी चारेकशे लोक त्याच्या नावाने बोंबलत होते. विकला गेला म्हणत होते, किती घेतले विचारत होते. काकांनी लादी उचलली आणि ते त्याच्यापुढे चालत फाटकापर्यंत गेले. गजांजवळ जाऊन त्यांनी ती दोन्ही हातांनी वर धरली.

“ऐका! अहो, ऐका जरा! त्याचा दोष नाही. हे गवत मी लावलं होतं, मुळं धरली नव्हती, पाय ठेवला तसं निसटलं. चूक माझी आहे!”

क्षणभर सगळे गप्प झाले. काकांना वाटलं, पटलं. मग मागून कोणीतरी मोठ्याने हसलं.

“म्हाताऱ्याला पुढे केलंय बघा!”

“गोल खायचा स्वतः आणि गवताचं निमित्त सांगायचं! तेही दुसऱ्याच्या तोंडून! लाज वाटत नाही?”

“काका, तुम्हाला काय दिलं हो त्याने?”

“अहो, नाही! देवाशपथ नाही!” काका जितकं सांगत गेले तितका आरडाओरडा वाढत गेला. एक बाटली गजांवर येऊन फुटली. इतका वेळ लोक नुसते चिडलेले होते, आता त्यांना तो भित्राही वाटायला लागला. काकांनी मागे वळून बघितलं. भिंत बॅग खांद्याला लावून उभा होता आणि त्याचा चेहरा काकांच्याने बघवेना. तो वळला आणि स्टँडच्या मागच्या, कचऱ्याच्या गाड्या येतात त्या दाराने निघून गेला. त्या दाराची चावी काकांकडेच असायची, पण त्या दिवशी ते उघडंच राहिलं होतं.

काका घरी आले तर काकूंनी पातेली खोक्यात भरायला सुरुवात केली होती. काकांनी लादी दारात ठेवली, पाण्याची बादली भरली आणि परत बाहेर निघाले. अजून उजेड होता.

“कुठे निघालात?”

“लादी बसवून येतो. पाणी मारायला हवं.”

“अहो, आता कशाला?”

काकांनी लादी काखेत घेतली. ते गोलापाशी गेले, उघड्या पडलेल्या मातीवर बादली रिकामी केली, लादी जागेवर ठेवली आणि टाचेने चारही कडा दाबल्या. मूळ धरायला तीन आठवडे लागणार होते, आणि यंत्रं दोन आठवड्यांनी येणार होती.