आजीव सभासद क्रमांक अडतीस

लंडनमधल्या स्टॅनमोरच्या लीलावती धारपांनी शाळेच्या कँटीनमध्ये तीस वर्षं मुलांना वाढलं. कुणाचं ताट रिकामं दिसलं की त्यांना आजही, ब्याऐंशीव्या वर्षी, चैन पडत नाही. सोलांज व्हेर्लाक आमच्या मराठी मंडळात शिरली ती यापायी.

सोलांज पन्नासच्या दशकातली फ्रेंच नटी. चौदा सिनेमे, त्यातल्या अकरांत मरण: कधी विषाने, कधी नदीत, एकदा घोड्यावरून पडून. मग सिनेमा सोडून ती गावाकडे शेळ्या पाळायला गेली. १९७४ साली लीलाकाकूंनी तिचे तीन सिनेमे पाहिले आणि त्या भडकल्या. "एवढी मरते बिचारी, पण जेवलीस का म्हणून कुणी विचारत नाही." त्यांनी तिला परस्पर आजीव सभासद करून टाकलं. दर दिवाळीला मंडळाच्या पत्त्यावरून आमंत्रण जायचं, पंगतीत तिचं पान मांडलं जायचं. उत्तर कधीच नाही.

गेल्या महिन्यात ती वारली. काकूंनी शोकसभा मागितली. मी बावीस वर्षं सेक्रेटरी, असले लाड मला खपत नाहीत. पण काकूंनी मंडळाच्या घटनेतलं कलमच दाखवलं: आजीव सभासद गेला की शोकसभा.

सभेत आमचे जुने सभासद अवधूतराव प्रत्येक शोकसभेत बोलतात तेच बोलले: बाई फार मनमिळाऊ होत्या, माझ्या बटाटेवड्यांचं त्यांना भारी कौतुक. दोघीतिघींनी डोळे पुसले. काकू मात्र मला हळूच म्हणाल्या, "रघुवीर, तिला माझं एक तरी आमंत्रण पोचलं असेल का रे?"

रिवाजाप्रमाणे सभासदाची माहिती वाचायला मी फाईल उघडली. आत एक्केचाळीस फ्रेंच पत्रं. निम्म्यांवर माझ्याच अक्षरात शेरा: 'परदेशी जाहिराती.' मी ती न वाचताच फाईलला लावत आलो होतो.

सभेला आलेली माझी नात मायरा शाळेत फ्रेंच शिकते. तिने शेवटचं, मागच्या दिवाळीचं पत्र वाचलं.

"ती म्हणते, सॉरी, दिस इयर पण नी, म्हणजे गुडघा, खूप दुखतोय. नेक्स्ट इयर डेफिनेटली येणार. आणि जेवण थोडा कमी तिखट करता का, असं विचारते."

काकू काठी टेकत किचनमध्ये गेल्या, सभेनंतरच्या वरणभाताचं पहिलं ताट वाढून आणलं आणि सोलांजच्या फोटोसमोर ठेवलं. "तिखट नाही गं," त्या म्हणाल्या, आणि रडल्या.

मग त्यांनी सगळ्यांना वाढलं. माझ्यापाशी आल्या, थांबल्या आणि पुढे गेल्या. मी रिकामं ताट घेऊन बसून राहिलो.