डाव्या बरगडीखालची कळ

कैनाडच्या पाड्यांवर निर्मलाला नावाने हाक मारणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. सगळ्यांसाठी ती आशाताई. बाळंतिणीला गाडी हवी, आशाताईला बोलवा. पोराचा ताप उतरत नाही, आशाताईला विचारा. म्हातारी रागावून गोळ्या फेकून देते, आशाताईनेच येऊन तिला दटावायचं.

तिची धाकटी बहीण सुकी लहानपणीच गेली. हाडं दुखायची तिची. हातपाय सुजायचे, पोर रात्रंदिवस विव्हळायची. घरच्यांनी भगत आणला, कोंबडं दिलं, दारात लिंबू टांगलं. या दुखण्याला काही नाव असतं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. निर्मला पुढे दहावी झाली, लग्न होऊन नवऱ्याच्या, लडक्याच्या घरी आली, आशा सेविका झाली, आणि प्रशिक्षणाला बसली असताना तिला ते नाव कळलं: सिकलसेल. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारं, आपल्या भागात घराघरात रक्तातून चालत आलेलं. त्या दिवशी ती जेवली नाही म्हणतात.

मग मात्र तिने पाडे पिंजून काढले. पोरांना धरून धरून बोटातून रक्त काढायला न्यायची. कुणी पळालं तर शेतातून ओढून आणायची. तपासणीत काही पोरं रुग्ण निघत, त्यांच्या गोळ्यांचं ती बघे. बरीच पोरं नुसती वाहक निघत. त्यांच्या आया रडायला लागल्या की ती हसून सांगायची, "अगं, वाहकाला काही होत नाही. विळा घरात आहे, पण खुंटीला टांगलेला. फक्त लग्न जुळवताना दोघांची तपासणीची कार्डं बघायची. दोघं वाहक नकोत. बाकी खुशाल राहा."

तिला जे शिकवलं होतं, तेच ती सांगत होती. खोटंही नव्हतं ते.

तिचा मुलगा प्रविणसुद्धा वाहकच निघाला. दक्षाशी त्याचं जमलं तेव्हा निर्मलाने आधी दक्षाचं कार्ड मागून घेतलं. ते स्वच्छ होतं. पाड्यावरच्या पाच जणांसमोर दोन्ही कार्डं बघितली गेली, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि होळीनंतर दक्षा घरात राहायलाच आली. लग्नाचा खर्च जमेल तेव्हा लग्न. आमच्याकडे तसं चालतं. कार्डाचं काम संपलं होतं. ते पत्र्याच्या पेटीत गेलं.

प्रविण तलासरी नाक्यावर गाडी लावायचा. भाड्याचं गिऱ्हाईक वापीला सोड, उमरगावला सोड, असं चालायचं. एकदा त्याने डहाणूच्या चिकूवाडीत उतरलेल्या एका परदेशी जोडप्याला जव्हारला फिरवून आणलं. योहान आणि लिस्बेथ, हॉलंडचे. दोघं साठीकडे झुकलेली. त्यांना प्रविण इतका आवडला की पुढच्या मोठ्या प्रवासालाही तूच चल म्हणाले. आधी कच्छचं रण, मग जैसलमेर, आणि तिथून थेट हिमालय, लेहपर्यंत.

"वैशाखात वाळवंट बघायला जायचं?" लडक्याने विचारलं. "त्यांच्याकडे ऊन मिळत नाही का?"

"नाही मिळत, बाबा. खरंच नाही मिळत."

"मग आपलं घेऊन जा म्हणावं गोणीत भरून."

निर्मला हसली नाही. ती विचारत राहिली. गाडी रात्रीची चालवणार का? झोपणार कुठे? पाणी कुठलं पिणार? प्रविण दक्षाला डोळा मारून म्हणाला, "आईचा सर्व्हे सुरू झाला." महालक्ष्मीची जत्रा झाली आणि तो निघाला. आईने बॅगेत तापाच्या गोळ्या दिल्या, ओव्याची पुडी दिली, जुना स्वेटर दिला. जे जे होऊ शकतं असं तिला वाटलं, त्या सगळ्यावर तिने काही ना काही दिलं.

लिस्बेथ प्रवासाचे व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकायची. दक्षा ते मोबाइलवर लावायची. निर्मलाला ना रण बघायचं असे ना किल्ला. ती कडेला बघायची. योहान मधोमध उभा राहून बोलत असे, आणि मागे प्रविण टायरवर पाणी मारत असे किंवा कुणाशी तरी गुजरातीत हुज्जत घालत असे. "थांबव, थांबव," ती म्हणायची. "वाळला का गं?"

"आत्या, हा महिन्यापूर्वीचा आहे. तो आता मनालीला पोचला." सासूला ती आत्या म्हणायची.

लिस्बेथ सावकाश कापून-जोडून टाकायची, म्हणून व्हिडिओ नेहमी मागेच असायचे. फोनवरचा प्रविण थंडीने कुडकुडत असायचा आणि पडद्यावरचा घाम पुसत असायचा. दक्षाला त्याची गंमत वाटे. म्हणायची, "मला दोन मिळाले. एक गरम, एक थंड."

मनालीपुढच्या केलाँगहून त्याचा फोन आला तेव्हा निर्मला एका घरी बाळाचं वजन करत होती. झोळीत बाळ, कानाला फोन.

"आई, डाव्या बरगडीखाली दुखतंय गं. कालपासून."

"काय खाल्लं होतंस?"

"राजमा-भात. तीन दिवस तेच."

"मग दुसरं काय होणार? गॅस आहे."

"खांद्यापर्यंत कळ जातेय पण."

"वर चढतो कधी कधी. ओवा-मीठ चाव. गरम पाणी पी. आणि जरा चालत जा, दिवसभर बसून असतोस."

"हो, डॉक्टरीणबाई." तो हसला. पुढे नेटवर्क नसेल, लेहला पोचलो की करतो, म्हणाला. तिकडे झोळीतलं बाळ रडायला लागलं आणि तिने फोन ठेवला.

पाड्यावरच्या एखाद्या रुग्ण पोराने हीच कळ सांगितली असती, तर तिने हातातलं काम टाकून त्याला डहाणूला नेलं असतं. डावी बरगडी म्हणजे पाणथरी, प्लीहा. तिला पाठ होतं ते. पण प्रविण रुग्ण नव्हता. वाहक होता. वाहकाचा विचार लग्नाच्या वेळी करायचा असतो, आणि तो तर करून झाला होता.

नंतरचा फोन योहानचा होता, दक्षाला आला. ती अंगणात उभी राहून "येस, येस" म्हणत राहिली. लेहच्या वाटेवर, आणखी उंचावर, सर्चू नावाच्या जागी, तंबूत, प्रविणचं पोट फुगून कडक झालं होतं. पहाटे गाडी योहानने स्वतः चालवली. दवाखान्यापर्यंत प्रविण पोचला नाही.

विमानाने मुंबई आणि तिथून ॲम्ब्युलन्सने त्याला कैनाडला आणलं. योहान-लिस्बेथ बरोबर आले. लिस्बेथ अंगणात मातीवर बसून राहिली. बायकांनी तिला पाणी दिलं, तिच्या पाठीवर हात फिरवला. तिच्यावर कुणी रागावलं नाही. रागवायला कारणच सापडत नव्हतं.

मरणाचं कारण गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, तिकडून आलेले शवविच्छेदनाचे कागद वाचून. "खूप उंचावर हवा विरळ असते, ताई. तिथे वाहकाच्याही पेशी वाकड्या होऊ शकतात. पाणथरीचं रक्त तुंबतं. क्वचित होतं असं. लगेच खाली आणलं, तर बहुतेक वाचतात."

"हे आम्हाला कधी सांगितलं नाही."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "आपल्याकडे गंभीरगडापेक्षा उंच कोण जातं, ताई?"

ती चालत घरी आली. वाटेत कुणी तरी "आशाताई" म्हणून हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही.

घरात माणसं बसलेली असतानाच दक्षाचा मोबाइल वाजला. जैसलमेरचा व्हिडिओ आला होता. लिस्बेथने तो आपोआप पडावा म्हणून आधीच तारीख लावून ठेवला होता, आणि नंतर बंद करायचं तिला सुचलं नव्हतं. कुणी तरी म्हणालं, लाव. प्रविण उंटावर चढत होता. उंट मागच्या पायांवर उठला आणि प्रविण पुढे घरंगळून थेट वाळूत तोंडावर पडला. उठून वाळू थुंकत उंटाला म्हणाला, "काय रे, कैनाडचा ना तू?" बसलेल्यांपैकी कुणाला तरी हसू फुटलं. मग आणखी एकाला. क्षणभर सगळं घर हसलं, लडक्यासुद्धा, आणि मग लडक्या उठून बाहेर गेला. त्यानंतर त्याने मोबाइलकडे बघितलं नाही.

लिस्बेथने निरोप पाठवला: माफ करा, यापुढे काही टाकणार नाही.

पण निर्मलाला पुढचं हवं होतं. दक्षाला आधी कळेना, आत्याला डोंगर कशाला बघायचेत. निर्मलाने शेवटी सांगितलं, "तो फोननंतर कसा होता, ते बघायचंय मला. दुखणं वाढलं तेव्हा कुणी त्याला म्हणालं का, खाली चल. की तो लपवत होता. की त्यांनाच घाई होती." यातलं काहीही तिला चाललं असतं. कुणाचीही चूक चालली असती.

लिस्बेथने होतं तेवढं सगळं पाठवलं, न कापता. दक्षाने तलासरीला एका दुकानात बसून ते मोबाइलवर उतरवून घेतलं. दुपारी दोघी ओटीवर बसल्या. लडक्या भाताच्या लावणीवरून येऊन अंगणात पाय धूत होता.

उघडे डोंगर, कुठे झाड म्हणून नाही. तंबू. तंबूपुढे खुर्चीवर ब्लँकेट गुंडाळून प्रविण. चेहरा राखेसारखा. हात ब्लँकेटखाली, डाव्या बाजूला दाबून धरलेला. मागून लिस्बेथचा आवाज आला, काळजीचा: "प्रविण, वुई गो डाउन? नाऊ? डॉक्टर?"

"नो, मॅडम." तो हसला. "माय मदर हेल्थ वर्कर. शी नोज. ओन्ली गॅस."

लिस्बेथ पुन्हा काही तरी बोलली, लांबलचक, विनवल्यासारखं. "मदर सेड," प्रविण म्हणाला. ओव्याची पुडी उघडून त्याने चिमूट तोंडात टाकली आणि कॅमेऱ्याला जीभ काढून दाखवली. मग कॅमेरा डोंगरांकडे वळला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

दक्षाने मोबाइल पालथा ठेवला.

"काय म्हणाला?" निर्मलाने विचारलं.

"काही नाही, आत्या. थंडीबद्दल बोलत होते."

निर्मला दहावी झालेली होती. एवढं इंग्रजी तिला येत होतं, आणि येतं हे दक्षालाही माहीत होतं. निर्मलाने दक्षाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

अंगणातून लडक्याने मान वर केली. त्याला पोराचा आवाज ऐकू गेला होता, शब्द कळले नव्हते.

"काय म्हणत होता गं?"

"थंडी फार आहे म्हणत होता," निर्मला म्हणाली.

लडक्या पायावर पाणी ओतता ओतता थांबला.

"स्वेटर दिला होतास ना त्याला?"

"दिला होता."