भाऊजींचं विमान आणि ताईचा केर

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका संताप आणणारा माणूस अख्ख्या मिशिगनमध्ये दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्याकडे निदान विमान तरी नसेल. मी त्यांना भाऊजी म्हणते आणि गेली कित्येक वर्षं त्यांच्यावर रागावलेली आहे. मधेमधे हा राग निवतो. मग ते काहीतरी नवीन करून ठेवतात आणि तो पुन्हा पहिल्यासारखा ताजा होतो. इतर बायकांच्याही बहिणींच्या नवऱ्यांबद्दल तक्रारी असतात. कुणाचा घोरतो, कुणाचा जेवताना राजकारणावर बोलतो. माझी तक्रार अशी की या माणसाने माझ्या सख्ख्या बहिणीला धावपट्टीच्या कडेला नेऊन ठेवलं.

भाऊजींनी नोव्हाय गावातल्या एका मोटार कंपनीत जन्मभर दारांच्या बिजागऱ्या डिझाइन केल्या. रिटायर झाल्यावर आपली माणसं पुण्याला परत जायचं म्हणतात आणि जात नाहीत. भाऊजी म्हणाले, "आता मी उडणार," आणि खरोखरच उडाले. त्यांनी तासाभराच्या अंतरावर मक्याच्या शेतांत एका वस्तीत घर घेतलं. सोसायटीच्या मध्यभागी बाग असते, तशी त्या वस्तीच्या मध्यभागी खाजगी धावपट्टी आहे. दोन्ही अंगांना घरं, प्रत्येक घराला चिकटून एक हँगर आणि हँगरमध्ये ज्याचं त्याचं विमान. ताईचं सगळं जग नोव्हायला होतं. भजनाच्या मैत्रिणी होत्या, गणपतीतल्या उकडीच्या मोदकांची जबाबदारी होती, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ मी होते. घर बघायला गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "स्वयंपाकघर कुठाय?" भाऊजी म्हणाले, "हँगरच्या मागे." तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. ताईने मात्र वितीने ओटा मोजायला घेतला. ती कधीच काही बोलत नाही. तिच्या वाटचंही मलाच रागवावं लागतं, आणि ते काम मी मन लावून करते.

पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले, तर वस्तीच्या रस्त्यावर समोरून विमान आलं. वरून नव्हे, समोरून, आपल्याकडे एखादा टेम्पो यावा तसं. आत भाऊजी. कानांवर ते मोठे हेडफोन आणि चेहऱ्यावर मुंजीतल्या बटूचा आनंद. मी हॉर्न वाजवला. त्यांनी मला हाताने गवतात उतरायची खूण केली. मी पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर सांभाळत गाडी गवतात घातली आणि तो पंख माझ्या टपावरून सावकाश निघून गेला. घरी पोचल्यावर मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "अगं, इथे विमानाला राइट ऑफ वे असतो. कॉमन सेन्स आहे यार!" पुढे हा आधी जाण्याचा हक्क त्यांच्या अंगात इतका भिनला, की इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्येही आपल्याला पंख आहेत अशा थाटात ते गाडी चालवायला लागले.

त्यांच्या हँगरमध्ये चपला घालून जायचं नाही. घरात चालतात, माजघरात चालतात, एकदा एक प्लंबर बूट घालून थेट देवघरापर्यंत गेला तेव्हा भाऊजी त्याच्याशी हवामानावर गप्पा मारत होते. पण हँगरची फरशी त्यांनी स्वतः रंगवली आहे आणि तिच्यावर ओरखडा उठला की त्यांना ताप चढतो. दसऱ्याला विमानाच्या पंख्याला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. पहिल्या वर्षी तर त्यांनी नारळ थेट धावपट्टीवर फोडला. करवंटीचा तुकडा पंख्यात गेला तर विमानाचं वाटोळं होतं, हे या इंजिनियर माणसाला नारळ फुटल्यावर आठवलं. मग अख्खी वस्ती ओळीने वाकून धावपट्टीवरून खोबरं वेचत होती, आणि माझी बहीण प्रत्येकाला सॉरी म्हणत मागून प्रसाद वाटत होती.

पण त्या वस्तीत भाऊजी अजरामर झाले ते एका शब्दामुळे. तिथे कंट्रोल टॉवर वगैरे काही नाही. आपण उतरतोय की उडतोय, ते ज्याने त्याने रेडिओवर बोलून दाखवायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. तसला एक छोटा रेडिओ ताईच्या ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी असतो. भाऊजी पहिल्यांदा एकटे निघाले तेव्हा ताईने बजावलं, "अहो, त्या रेडिओवर जातो म्हणायचं नाही हं. येतो म्हणायचं." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बायकोचं ऐकलं, आणि तेही भाषांतर करून. "डिपार्टिंग टू द वेस्ट," एवढं रीतसर सांगून पुढे म्हणाले, "आय ॲम कमिंग!" त्याच वेळी समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर उतरायच्या बेतात होते. हे रिटायर्ड गृहस्थ धिप्पाड, लाल चेहऱ्याचे. समोरून कुणीतरी येतंय म्हणून घाबरून त्यांनी विमान पुन्हा वर घेतलं आणि रेडिओवर गरजले, "सर, आर यू कमिंग ऑर गोइंग?" भाऊजींनी शांतपणे उत्तर दिलं, "गोइंग. बट वुई से कमिंग." सगळ्या वस्तीने ते ऐकलं. त्यानंतर भाऊजींना सांगण्यात आलं, की काय ते तुमच्या भाषेत म्हणा, इंग्रजीत नको. मग दर उड्डाणाला शेवटी 'येतो' येऊ लागलं. नवीन राहायला आलेल्या एकाने तर हा विमानविद्येतला शब्द असेल असं समजून त्याचा अर्थ पुस्तकात शोधला होता.

'येतो' ऐकलं की ताई झाडू उचलून दारामागे ठेवते. घरातलं माणूस बाहेर पडलं की लगेच केर काढू नये, ही आमच्या आईची शिकवण. ताईने ती आणखी ताणली. विमान परत उतरेपर्यंत घरात केरच काढायचा नाही. भाऊजी कधी शेजारच्या गावच्या धावपट्टीवर ऑम्लेट खायला जायचे आणि तिथेच दुपारपर्यंत रमायचे. आणि माझी बहीण पोह्यांची कढईसुद्धा न उचलता पारोशा घरात रेडिओकडे कान लावून बसायची. भाऊजी परत आले की वर आणखी हसणार, "अगं, केर काढल्याने इंजिन बंद पडत नाही. फिजिक्स आहे ते." मला वाटायचं तोच झाडू उचलावा.

मागच्या पानगळीतली गोष्ट. मी रविवारची गेले होते. आम्ही दोघी घरापुढच्या अंगणात मेथी निवडत होतो आणि भाऊजी परत येताना दिसले. विमान खाली येत होतं छान, पण धावपट्टीवर नव्हे. धावपट्टीला समांतर, तिला डाव्या हाताला सोडून, ते सरळ वस्तीच्या रस्त्यावर उतरत होते. रस्त्यावर टपालाची गाडी उभी होती. समोरचे डॉक्टर आपलं विमान धूत होते. ते आत धावले आणि स्वयंपाकघरातल्या रेडिओतून त्यांचा आवाज आमच्यापर्यंत आला, "गो अराउंड! गो अराउंड!" विमान घरांवरून घरघरत वर गेलं. ताईच्या हातातली जुडी तशीच राहिली. दुसऱ्या खेपेला ते नीट उतरले, हँगरमध्ये आले, नेमाने बूट काढले आणि म्हणाले, "ऊन आलं गं डोळ्यांवर."

आभाळ भरून आलं होतं. उन्हाची तिरीपही नव्हती.

मी म्हटलं, "भाऊजी, ऊन कुठाय?" ते काढलेले बूट सरळ लावू लागले. मी पुन्हा विचारलं, आणि मग माझा आवाज असा चढला की डॉक्टर रस्त्यापलीकडे थबकले. शेवटी पंखावरून हात फिरवत ते म्हणाले, "काचबिंदू आहे. समोरचं स्वच्छ दिसतं. कडेचं जातंय, डावीकडचं जास्त. उन्हाळ्यातच कळलं होतं." म्हणजे उन्हाळाभर हा माणूस 'येतो' म्हणून उडत होता आणि माझी बहीण झाडू दारामागे ठेवून त्याची वाट बघत होती. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शब्द परत घ्यायची मात्र आजही इच्छा नाही. ताई फक्त म्हणाली, "मला सांगायचंत तरी." आणि आत जाऊन तिने केर काढायला घेतला. एकदा झाडून लख्ख झालेल्या खोल्या ती पुन्हा पुन्हा झाडत होती. भाऊजी हँगरच्या दारात मोजे घालून उभे होते आणि तो झाडूचा आवाज ऐकत होते. त्या दिवसानंतर ते उडाले नाहीत.

भाऊजींचं विमान समोरच्या डॉक्टरांनीच विकत घेतलं, स्वतःचं एक असतानाही. ताईने नोव्हायला परत जाऊ म्हणून पाहिलं, मी तर घरही शोधलं, पण भाऊजी हलेनात. मला वाटलं, हट्टी माणूस आहे, रिकाम्या हँगरमध्ये बसून कुढणार. डॉक्टर ते विमान पहिल्यांदा बाहेर काढणार होते त्या सकाळी मी मुद्दाम गेले, कुणीतरी ताईच्या बाजूने रागवायला हवं म्हणून. भाऊजी स्वयंपाकघरात रेडिओसमोर बसले होते. विमान कधी निघालं ते त्यांना खिडकीतून दिसलं नसावं. त्यांनी आवाजावरून मान वळवली. रेडिओ खरखरला. डॉक्टरांनी रीतसर सगळं सांगितलं, डिपार्टिंग टू द वेस्ट, आणि क्षणभर थांबून जड जिभेने म्हणाले, "येटो."

ताईचं लक्ष नव्हतं. नाश्ता आटोपला होता म्हणून तिने सवयीने झाडू हातात घेतला.

"अगं, थांब," भाऊजी म्हणाले. "केर नको काढूस आत्ता. त्याला येऊ दे आधी."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि झाडू दारामागे नेऊन ठेवला. फिजिक्सचं काय झालं, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी उठून तिघांचा चहा टाकला. विमान परत येईपर्यंत आम्ही त्या न झाडलेल्या स्वयंपाकघरात बसून राहिलो.